भरती रत्नागिरीची, बढती दिल्लीची

रत्नागिरीत मारुती मंदिरच्या नाक्यावर गेल्या आठवड्यात एक बॅनर लागला. कुठल्याशा आघाडीच्या तालुका उपाध्यक्षपदी कोणाची तरी नियुक्ती झाली, म्हणून हार्दिक अभिनंदन. वर दिल्लीचे नेते, त्याखाली मुंबईचे, मग जिल्ह्याचे, आणि तळाला शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे तेवीस चेहरे. रिक्षा मिळत नव्हती म्हणून मोजले. उपाध्यक्षांनी नेमकं काय केलं म्हणून ते उपाध्यक्ष झाले, एवढंच त्यावर नव्हतं. त्याला जागा उरली नसावी.

तिथून मिरकरवाड्याच्या बंदरात गेलो. ओळखीचा एक बोटमालक जाळ्याच्या ढिगावर बसला होता. त्याला विचारलं, "काय रे, बोट चालवायला तांडेल कसा निवडतोस?" त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू बांगडा कसा खायचा म्हणून विचारलंय.

"मासा आणतो तो तांडेल. बोट परत आणतो तो तांडेल."

"आणि ओळखपाळख?"

"ओळख जमिनीवर. पाण्यात ओळख काय चाटायची?"

हे वाक्य संरक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर लावायला हरकत नाही. पण लावलं, तर त्याच्याखाली शुभेच्छुकांचे तेवीस चेहरे येतील.

०००

समुद्रावरच्या लढाईची एक मोठी गैरसोय आहे. तिथे प्रेक्षक नसतात. जमिनीवर लढाई झाली की गाव असतं, पाटील असतो, पोवाडा रचणारा शाहीर असतो. आता कॅमेरावालाही असतो. आरमाराची लढाई होते क्षितिजापलीकडे. कोणी आधी तोफ डागली, कोणी शीड फिरवून पळ काढला, हे लाटांना माहीत. बंदरावर येऊन जो आधी बोलतो, त्याचा वृत्तांत खरा ठरतो. आणि ज्याचा वृत्तांत खरा ठरतो, त्याच्या खांद्यावर पट्टी वाढते.

म्हणून नौदलातल्या वरच्या बढत्यांचा इतिहास वाचायचा तर समुद्र बघून चालत नाही. दरबार बघावा लागतो, वर्तमानपत्र बघावं लागतं, आणि त्या वर्षी राज्य कोणाचं होतं ते बघावं लागतं.

०००

सुरुवात घरापासून करू. कान्होजी आंग्रे. माणूस कर्तृत्वाचा, यात वाद नाही. इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी, तिघांनाही त्याने घाम फोडला. पण छत्रपती शाहूंकडून त्याला 'सरखेल' हा किताब मिळाला, तो कोणतं गलबत पकडलं म्हणून नव्हे. कान्होजी ताराबाईंच्या बाजूचा. शाहूंनी त्याच्यावर आपला पेशवा बहिरोपंत पिंगळे पाठवला, तर कान्होजीने पेशव्यालाच पकडून ठेवलं. मग शाहूंनी नोव्हेंबर 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवा केलं आणि बोलणी करायला धाडलं. बाळाजीपंत श्रीवर्धनचे, चिपळूणच्या मिठागरांचा हिशेब ठेवलेले. दोघे कोकणी समोरासमोर बसले आणि व्यवहार झाला. कान्होजीने पक्ष बदलला. बदल्यात सरखेली आणि किल्ले मिळाले.

आजच्या भाषेत याला 'विकासासाठी प्रवेश' म्हणतात.

कान्होजीचा कैवार घेऊन कोणी अंगावर येण्याआधी सांगतो: इथे राजकारणाने योग्य माणूस निवडला. होतं असंही. पण योग्य माणूस निवडला गेला कारण तो धोकादायक होता, योग्य होता म्हणून नव्हे. हा फरक पुढच्याच पिढीत महागात पडला.

०००

कान्होजी 1729 मध्ये गेला. थोरला सेखोजी 1733 मध्ये गेला. मागे भाऊ भांडायला लागले. बाजीरावांनी निवाडा केला, तो असा: मानाजीने कुलाब्याला बसावं आणि 'वजारतमाब' म्हणवून घ्यावं; संभाजीने दक्षिणेकडचे किल्ले सांभाळावेत आणि 'सरखेल' म्हणवून घ्यावं. एका आरमाराला दोन मुख्य. दोघांना किताब, दोघांना मान, आणि दोघांचं तोंड एकमेकांकडे.

घर फोडायचं आणि दोन्ही भावांना पद द्यायचं, ही युक्ती महाराष्ट्रात त्यानंतर कोणी वापरली नाही असं म्हणायची माझी इच्छा होती. पण बॅनर आठवले.

०००

आता दापोलीला चला. हर्णैसमोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. दरवाजाच्या पायरीवर दगडी कासव, भिंतीत मारुती. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो, तेव्हा किल्ला मागे काळा होत जातो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. सुरमईचा भाव बघतात. बरोबरच आहे.

याच किल्ल्याने एका माणसाचं नशीब काढलं. तो आपला नव्हता.

1755 मध्ये किल्ला तुळाजी आंग्र्यांकडे होता. तुळाजी नानासाहेब पेशव्यांना जुमानत नव्हता. पेशव्यांनी मग मुंबईकर इंग्रजांशी करार केला. कशासाठी? स्वराज्याचंच आरमार बुडवण्यासाठी. पेशव्यांकडून रामाजी महादेव, इंग्रजांकडून कमोडोर विल्यम जेम्स. जेम्स म्हणजे वेल्समधल्या गिरणीवाल्याचा पोर म्हणतात. त्याला मुंबईहून सांगितलं होतं, नुसता वेढा घाल, किल्ल्यावर तोफा डागू नकोस. त्याने डागल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात किल्ला पडला.

हुकूम मोडला आणि हरला, तर कोर्टमार्शल. हुकूम मोडला आणि जिंकला, तर धाडस. जेम्सचं धाडस झालं. इंग्लंडला परतल्यावर तो कंपनीचा संचालक झाला, मग अध्यक्ष झाला. पार्लमेंटचा सभासद झाला. 1778 मध्ये 'बॅरोनेट' झाला, म्हणजे नावामागे 'सर' लागलं आणि तेही वंशपरंपरा. मृत्यूनंतर त्याच्या बायकोने 1784 मध्ये लंडनला शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर तिकोनी बुरूज बांधला, त्रेसष्ट फूट उंच. नाव दिलं 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. सुवर्णदुर्गाचं इंग्रजांच्या तोंडात एवढंच उरलं. तिथे शिलालेख आहे. त्यात हा किल्ला मलबारच्या किनाऱ्यावर असल्याचं लिहिलंय.

दापोली तालुका मलबारात गेला, तो असा. जाहिरातीत पत्ता बरोबर असावा लागत नाही. नाव मोठं असलं की झालं. तुळाजीला त्यांनी कायम 'चाचा' म्हटलं, म्हणजे समुद्री दरोडेखोर. सरखेलाला हरवलं म्हटलं तर ती लढाई होते. चाचाला हरवलं म्हटलं की पुण्य पदरात पडतं.

त्या बुरुजात आज चहा मिळतो. लग्नालाही भाड्याने देतात. हर्णैच्या किल्ल्यावर जायला होडी मिळाली तर नशीब.

०००

पुढच्या वर्षी पाळी तुळाजीच्याच विजयदुर्गाची. या वेळी खुद्द राजाच्या आरमाराचा अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन आणि जमिनीवरच्या फौजेसाठी कर्नल क्लाइव्ह. हो, तोच. प्लासीवाला.

किल्ल्यावर चालून जाण्याआधी मुंबईत बैठक झाली. चर्चा तोफांची झाली असेलच, पण गाजली ती वाटणी. किल्ल्यातली लूट कोणाला किती? त्यात दोस्त असलेल्या पेशव्यांचा वाटा शून्य, हे एकमताने ठरलं. मग आपसात जुंपली. क्लाइव्ह म्हणाला, मी जमिनीवरच्या फौजेचा मुख्य, मला दुय्यम अ‍ॅडमिरल पोकॉकइतका वाटा हवा. आरमारवाले म्हणाले, तुझा दर्जा जहाजाच्या कप्तानाइतका. शेवटी वॉटसन म्हणाला, फरक मी माझ्या पदरचा देतो. क्लाइव्हने ते घेतलं नाही. मानाचा प्रश्न होता.

म्हणजे अजून एक गोळा सुटलेला नाही, आणि हुद्द्याची लढाई ऐन भरात.

12 फेब्रुवारी 1756 ला एक तोफगोळा खाडीत उभ्या असलेल्या आंग्र्यांच्या जहाजावर पडला. ते जहाजही आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच पकडलेलं होतं. आग एका गलबतावरून दुसऱ्यावर गेली आणि कान्होजीने उभं केलेलं आरमार काही वेळात पाण्याच्या रेषेपर्यंत जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. आत सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज निघाला. तो ठरल्याप्रमाणे वाटला गेला. पेशव्यांना तत्त्व मिळालं.

वॉटसन दीड वर्षात कलकत्त्याला तापाने मेला. कंपनीने वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत त्याचं स्मारक उभारलं, त्यावर विजयदुर्ग घेतल्याची तारीख कोरली. आणि बॅरोनेटचा किताब? तो 1760 मध्ये त्याच्या मुलाला दिला. पोराने विजयदुर्ग पाहिला नव्हता. चिंता करायचं कारण नाही, आपल्याकडचीही पुष्कळ पोरं वडिलांनी लढवलेल्या निवडणुकांवर मंत्री झाली आहेत.

तुळाजीचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं. त्याच्या नावाचा बुरूज लंडनमध्ये नाही. आपल्याकडेही नाही.

०००

ही झाली वरच्या मजल्याची गोष्ट. खालच्या मजल्यावर आपण होतो.

इंग्रजांच्या हिंदी नौदलात खलाशी भरायचे तर माणसं येत ती रत्नागिरी जिल्ह्यातून. विशेषतः कोकणी मुसलमान घरांतून. बाप जहाजावर, चुलता जहाजावर, पोरगा पंधराव्या वर्षी जहाजावर. पुढे दुसरं महायुद्ध आलं, इंग्रजांना माणसं कमी पडली, आणि देशभर भरतीची पोस्टरं लागली. पगार असा, शिक्षण तसं, पुढे नोकरी पक्की. पोरं गेली. आत गेल्यावर कळलं की पोस्टर वेगळं आणि जहाज वेगळं. गोऱ्या खलाशाचं ताट वेगळं, आपलं वेगळं. आणि वर शिव्या. 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत नौदलाच्या 'तलवार' तळावर बंडाची ठिणगी पडली. नंतरच्या चौकशीत भरतीच्या वेळी दिलेल्या खोट्या वचनांचाही उल्लेख आला.

भरतीला जाहिरात लागते आणि बढतीलाही. भरतीच्या जाहिरातीत चेहरा आपला असतो, बढतीच्या जाहिरातीत त्यांचा.

०००

म्हणू नका की हे वसाहतवाल्यांचं आणि पेशवाईचं. लोकशाहीच्या माहेरघरी, अमेरिकेतही हाच तमाशा झाला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पाच ताऱ्यांचा नवा हुद्दा काढला. नौदलाला चार जागा. लेही, किंग आणि निमिट्झ या तिघांना डिसेंबर 1944 मध्ये मिळाल्या. चौथ्या जागेला दोघे उभे: हॅल्सी आणि स्प्रुअन्स.

हॅल्सी म्हणजे वार्ताहरांचं आवडतं गिऱ्हाईक. बोलायला लागला की मथळा तयार. 'बुल' हॅल्सी हे नावही वर्तमानपत्रांनीच लाडाने चिकटवलेलं. स्प्रुअन्स वार्ताहर दिसला की दुसऱ्या जिन्याने जायचा. जून 1942 ची मिडवेची लढाई, जिने पॅसिफिकमधलं युद्ध फिरवलं, ती खरं तर हॅल्सीच्या वाट्याची होती. पण त्याच्या अंगावर पुरळ उठलं, खाज थांबेना, डॉक्टरांनी खाटेवर झोपवलं. त्याच्या जागी स्प्रुअन्स गेला आणि जिंकून आला. परत येऊन काही बोलला नाही. चूक तीच.

हॅल्सीने डिसेंबर 1944 मध्ये ताफा वादळात नेला. तीन विनाशिका बुडाल्या, साडेसातशेहून जास्त माणसं गेली. सहा महिन्यांनी ताफा पुन्हा दुसऱ्या वादळात नेला. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर दोनदा वादळात बोट घालणाऱ्या तांडेलाला मालक तिसऱ्यांदा किनाऱ्यावरची होडीसुद्धा ओढायला देणार नाही.

डिसेंबर 1945 मध्ये पाचवा तारा हॅल्सीला मिळाला. काँग्रेसच्या नौदल समितीचे अध्यक्ष कार्ल विन्सन त्याचे पाठीराखे होते, ते स्प्रुअन्सच्या आड आले असं तिकडे उघड बोललं जातं. स्प्रुअन्सची समजूत कायद्याने काढली: जन्मभर पूर्ण पगार. तारा नाही.

पुढे अमेरिकेने विनाशिकेला स्प्रुअन्सचं नाव दिलं. आणि विमानवाहू नौकेला, तीही अणुशक्तीवर चालणाऱ्या, नाव दिलं कार्ल विन्सनचं. 1980 मध्ये ती पाण्यात सोडली तेव्हा विन्सनसाहेब स्वतः हजर होते. लढणाऱ्याला विनाशिका, शिफारस करणाऱ्याला विमानवाहू. हिशेब चोख आहे.

०००

आता आपल्या स्वतंत्र देशात या. 1965, पाकिस्तानशी युद्ध. नौदलप्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल भास्कर सदाशिव सोमण. आडनाव आपल्याकडचं. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण, कराडचे. मराठी माणसाला दिल्लीत दोन-दोन खुर्च्या; आता कराचीच्या बंदरात भगवा नाही तरी तिरंगा फडकणार असं वाटलं असेल.

झालं असं, की मंत्रालयाचा हुकूम आला: नौदलाने पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला जाऊन लढाई करायची नाही. युद्ध वाढायला नको. सोमणांनी हरकत घेतली, थेट पंतप्रधानांपर्यंत गेले. उत्तर तेच. 7 सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजं द्वारकेसमोर आली, काही मिनिटं तोफा डागल्या आणि निघून गेली. गोळे बहुतेक मऊ मातीत रुतले. नुकसान किरकोळ. पण पाकिस्तानात 8 सप्टेंबर हा नौदल दिन झाला.

आता बढत्या बघा. हवाई दल त्या युद्धात दिसलं, लोकांनी आकाशात पाहिलं, पेपरात वाचलं. जानेवारी 1966 मध्ये हवाईदलप्रमुखाचा हुद्दा वाढवला आणि अर्जन सिंग देशाचे पहिले एअर चीफ मार्शल झाले. माणूस त्या मानाला पात्र होता, प्रश्नच नाही. दोन महिन्यांत सोमण निवृत्त झाले. व्हाइस अ‍ॅडमिरल म्हणूनच. नौदलप्रमुखाला पूर्ण अ‍ॅडमिरलचा हुद्दा मिळाला 1968 मध्ये, त्यांच्यामागून आलेल्या अधरकुमार चॅटर्जींना.

ज्याचे हात बांधले, त्यालाच विचारलं: तू पोहलास का नाहीस?

०००

1971 मध्ये हात सोडले. 4 डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्र नौकांनी कराची पेटवली. नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल नंदा, ज्यांचं लहानपण त्याच कराचीच्या मनोरा बेटावर गेलं होतं. आपल्या साताऱ्याच्या विंचुर्णीचे मनोहर आवटी पूर्वेला 'कामोर्टा' घेऊन लढले, वीरचक्र मिळालं. 9 डिसेंबरला आपली 'खुकरी' युद्धनौका बुडाली. कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले, एकशे चौऱ्याण्णव माणसं गेली. त्यात किती घरांचे दिवे विझले ते पेपरात एका ओळीत आलं.

युद्ध संपलं. जानेवारी 1973 मध्ये सॅम माणेकशा फील्ड मार्शल झाले. शंभर टक्के योग्य. मिशा, विनोद आणि विजय, तिन्ही त्यांच्याकडे होतं, आणि देशाला तिन्ही आवडलं. नंदांना पद्मविभूषण मिळालं. ते माणेकशांनाही मिळालं होतं. पाचवा तारा नंदांना नाही.

पुढे करिअप्पांना 1986 मध्ये फील्ड मार्शल केलं. अर्जन सिंग 2002 मध्ये मार्शल झाले. भूदलाचे दोन, हवाई दलाचा एक. नौदलाचा आजपर्यंत एकही नाही. अकरा हजार किलोमीटर किनारा असलेल्या देशाची ही गोष्ट आहे.

आणि ज्यांना तारा मिळतो त्यांचंही ऐका. फील्ड मार्शल हयातभर सेवेतच मानला जातो, पूर्ण पगारासकट. माणेकशांची त्या पगाराची थकबाकी मिळाली 2007 मध्ये, एक कोटीहून अधिक रुपये. तेव्हा ते नव्वदीच्या पुढे होते आणि रुग्णालयात होते. पुढच्या वर्षी गेले. आमच्या ग्रामपंचायतीलाही बिलं काढायला इतका वेळ लागत नाही.

०००

बढतीत राजकारण नको, असं सगळेच म्हणतात. अ‍ॅडमिरल विष्णू भागवतही म्हणाले. सरकारने ठरवलेला उपप्रमुख घ्यायला त्यांनी नकार दिला. 30 डिसेंबर 1998 ला सरकारने त्यांनाच बडतर्फ केलं. स्वतंत्र भारतात सेनादलाचा प्रमुख असा घालवलेला पहिलाच. नवा प्रमुख कोचीहून घाईने दिल्लीत आणला. मग दोन्ही बाजूंनी महिनोन्महिने वर्तमानपत्रांत तोफा चालल्या. पाच महिन्यांत कारगिलचं युद्ध लागलं. तोवर नौदलाची सर्वांत मोठी लढाई दिल्लीतच झाली होती.

उलट उदाहरणही आहे. 2013 मध्ये मुंबईच्या गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट झाला, अठरा जण गेले. फेब्रुवारी 2014 मध्ये 'सिंधुरत्न'वर अपघात झाला, दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. मंत्र्यांनी तो त्याच दिवशी स्वीकारला. मंत्रालयातल्या कुठल्याही फाइलीने इतका वेग त्याआधी घेतला नसेल. मंत्री जागेवर राहिले.

०००

आणि आता अलीकडचं. 4 डिसेंबर 2023. नौदल दिन दिल्ली-मुंबई सोडून आपल्या मालवणला. तारकर्लीच्या किनाऱ्यावर युद्धनौका, विमानं, पंतप्रधान. गर्दी अशी की बोलायची सोय नाही. दोन गोष्टी गाजल्या. एक, तिथल्या राजकोट किल्ल्यावर शिवरायांचा पुतळा. दोन, नौदलातल्या हुद्द्यांना भारतीय परंपरेची नावं देणार, ही घोषणा. अ‍ॅडमिरलांच्या खांद्यावर शिवरायांच्या राजमुद्रेचा अष्टकोन आला. चांगली गोष्ट आहे, मनापासून.

नावं मात्र जपून शोधा. 'सरखेल' फारसी. 'दर्यासारंग'मधला दर्या फारसी. 'आरमार' पोर्तुगीजांच्या आर्माडावरून आलेलं. आणि 'अ‍ॅडमिरल'? ते मूळ अरबी. समुद्राला स्वदेशीचं वेड कधीच नव्हतं. तिथे ज्याला वारा कळतो तो आपला.

पुतळ्याचं पुढे माहीत आहेच. 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. पंतप्रधानांनी माफी मागितली. शिल्पकार आणि सल्लागार पकडले गेले. अनावरणाच्या दिवशी श्रेय घ्यायला व्यासपीठ अपुरं पडलं होतं. पडल्याच्या दिवशी व्यासपीठावर पुष्कळ मोकळी जागा होती.

शेजारी साडेतीनशे वर्षं लाटा खाणारा सिंधुदुर्ग तसाच उभा आहे. त्याचं अनावरण टीव्हीवर झालं नव्हतं.

०००

तर मुद्दा एवढाच. प्रसिद्धी वाईट नाही. राजकारणही वाईट नाही. लोकशाहीत फौजेवर लोकांच्या सरकारचाच लगाम हवा, तो सोडला की काय होतं ते शेजारी बघा. पण सरकारने निवडावं ते समुद्रावरचा हिशेब मागून. किती जहाजं परत आणली, किती माणसं घरी आणली, कोणता हुकूम चुकीचा वाटला तेव्हा कागदावर तसं लिहून ठेवलं. पेपरातला फोटो त्या फाइलीत लावायचं कारण नाही. सोमणांना 'पोरबंदरच्या पुढे जाऊ नका' म्हणणाऱ्या बाबूच्या बढतीवर त्या हुकुमाचा काही परिणाम झाला का, हेही त्याच फाइलीत असावं. सध्या बढतीची फाइल फक्त जहाजावरच्या माणसाची निघते.

मासेमारीवरची पावसाळी बंदी उठली की मिरकरवाड्यात तांडेल ठरतील. कोणी बॅनर लावणार नाही, कोणी शुभेच्छा देणार नाही. गेल्या हंगामात कोणाची बोट भरून आली आणि कोणाची रिकामी, हे बंदरावर सगळ्यांना पाठ असतं. चुकीचा तांडेल निवडला तर मालकाचं कर्ज फिटत नाही आणि खलाशाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून तो चुकत नाही.

देशाचं तेवढं कर्ज कोणाच्या एकट्याच्या डोक्यावर नाही. म्हणून देशाला परवडतं.